न दुखणारा पाय

माझा डावा पाय दुखत नव्हता. आजार म्हणतात तो एवढाच. ज्यांचं काही दुखतं ते डॉक्टरकडे जातात. माझं दुखत नव्हतं म्हणून मी गेले नाही, आणि त्यात वर्षं गेली. ज्यांच्या अंगावर असा न दुखणारा डाग असेल, किंवा पायातली चप्पल गळलेली कळत नसेल, त्यांनी हे वाचावं. मी मराठी चौथी शिकलेली बाई आहे. औषधाची माहिती मला विचारू नये. जे झालं ते सांगते.

नवस

आमची चाळ मुलुंडला आग्रा रोडपासून जवळ. गॅलरीत उभं राहिलं की रस्ता दिसायचा आणि त्यावरून नाशिककडे जाणारे ट्रक. ठकू खालच्या मजल्यावर राहायची. ती नाशिककडची, मी राजापूरची. दोघी विधवा, दोघींचे केस एकाच सुमाराला पांढरे झाले. तिची मुलगी लीला आणि जावई तिच्याजवळच राहत. लीलाची मुलं जगत नव्हती. एकामागून एक गेली. मग हा मुलगा झाला, तेव्हा ठकूने त्याचं नाव दगडू ठेवलं, नाक टोचलं आणि वणीच्या सप्तशृंगीला नवस बोलली की पोर वर्षाचं झालं तर आम्ही दोघी म्हाताऱ्या मुलुंडहून गडापर्यंत अनवाणी चालत येऊ.

"दोघी म्हणजे कोण?" मी विचारलं.

"तू आणि मी."

"मला न विचारता?"

"तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

हे खरं होतं. देवाधर्मात मी फारशी नव्हते. पण पोर वर्षाचं झालं, आणि मग मी नाही म्हटलं नाही. मला देवीला भेटायचं नव्हतं. लग्न होऊन बोटीतून मुंबईला उतरले त्यानंतर चूल, नळ आणि बाजार यापलीकडे मी कुठे गेले नव्हते. रोज समोर दिसणारा रस्ता पुढे कुठे जातो ते मला बघायचं होतं. मुलगा दत्ताराम म्हणाला, "आई, एस.टी.ने जा. मी तिकीट काढतो." मी म्हटलं, "तिकीट काढायचं असतं तर नवस कशाला?"

तयारी

चैत्रात गडावर यात्रा असते. आम्ही पौष संपला तशी तयारी धरली. ठकूच्या माहेरची माणसं चालत गडावर जायची, त्यामुळे तिला सगळं ठाऊक होतं. बाभळीची साल उकळून त्या पाण्यात पाय बुडवून बसायचं म्हणजे तळवे निबर होतात. झोपताना एरंडेल चोळायचं. रोज थोडं जास्त चालायचं, आणि ऊन चढल्यावर चालायचं, कारण पुढे कसाऱ्याकडे ऊन काही आपल्याला विचारून पडणार नाही. बरोबर सातूचं पीठ, गूळ, मेतकूट. वळकटी एकीने घ्यायची, कंदील आणि तांब्या दुसरीने.

आम्ही भांडुपच्या बाजूला चालत जायचो आणि परत यायचो. मी पुढे, ठकू मागे. तिचे पाय सोलवटून निघायचे. डांबर तापलं की ती रस्ता सोडून कडेच्या गवतातून उड्या मारत यायची आणि मला शिव्या द्यायची.

"भागे, तू माणूस आहेस का म्हैस? चटके बसत नाहीत तुला?"

"कोकणातले पाय आहेत. जांभ्या दगडावर वाढलेले."

"माझे काय लोण्याचे आहेत?"

माझ्या उजव्या पायाला चटके बसत होते. डाव्याला नव्हते. मी त्याचा विचार केला नाही. डाव्या पोटरीवर एक फिकट डाग बऱ्याच वर्षांपासून होता. मी त्याला शिबं समजून टाकळ्याचा पाला चोळायची. आणि डाव्या पायातली चप्पल चालताना निसटून मागे राहायची ते मला कळायचं नाही. बाजारातून येताना ठकू मागून ओरडायची, "भागे, तुझी चप्पल तिकडे बसलीय वाट बघत." आम्ही हसायचो. म्हणून तर मला अनवाणी चालणं सोईचं वाटत होतं.

खिळा

फाल्गुनात एक दिवस भांडुपहून परत येत होतो. मुलुंड जवळ आलं होतं. ठकू एकदम मागून म्हणाली, "थांब." तिचा आवाज वेगळा होता. मी वळले तर ती वाकून रस्त्याकडे बघत होती. धुळीत माझ्या डाव्या पावलाचे ठसे उमटले होते, लाल. मागे लांबपर्यंत, एक आड एक.

तिने मला दगडावर बसवलं आणि पाय उचलून बघितला. घोड्याच्या नालेचा खिळा टाचेच्या पुढे पार आत गेला होता. तिने तो दातओठ खात उपसून काढला. मी तिच्याकडे बघत होते.

"निघाला?" मी विचारलं.

"निघाला? बाई, तुला कळलं नाही?"

"नाही."

ती खिळा हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग तिने तो खाली ठेवला आणि माझ्या पायावर डोकं ठेवलं.

"ठके, गाढवे, ऊठ. लोक बघतायत."

"देवी आली गं," ती म्हणाली. "तुझ्या पायात देवी आली. बोलावणं आलं आपल्याला."

चाळीत हे आमच्या आधी पोचल्यासारखं झालं. संध्याकाळी बायका आल्या. हळद, कुंकू, नारळ. कुणी माझ्या पायावर पाणी घातलं, कुणी ओटी भरली. मी म्हटलं, "निघा इथून, मला वाल सोलायचेत." मी जसजशी खेकसले तसतशा त्या जास्त वाकल्या. देवीला राग येतो म्हणे. पायाच्या भोकात कुंकू गेलं. लीलाने दगडूला आणलं आणि ठकूने त्याला माझ्या दोन्ही पावलांवर निजवलं. तो माझा अंगठा धरून हसत होता. माझी सून शालिनी दारात उभी होती. ती पाया पडली नाही.

निदान

जखम भरेना. वर सुकायची आणि आत वाहायची. मग वास यायला लागला. मी चिंधी बांधून चालतच होते, कारण दुखत नव्हतं. चैत्र जवळ आला तेव्हा ठकूच म्हणाली, "डॉक्टरला दाखवू. देवी आहे ते खरं, पण पायाला पट्टी नीट हवी." ती मला मुलुंड बाजारातल्या दवाखान्यात घेऊन गेली.

डॉक्टरने आधी जखम बघितलीच नाही. त्याने पोटरीवरचा डाग बघितला. मग कोपराच्या आतली शीर चाचपली, गुडघ्यामागे चाचपलं. म्हणाला, "बाई, डोळे मिटा. मी हात लावीन तिथे बोट ठेवून दाखवा." ठकू समोर स्टुलावर बसली होती.

मी डोळे मिटले. बराच वेळ काही झालं नाही. मी म्हटलं, "चालू करा की."



"उघडा डोळे," डॉक्टर म्हणाला. त्याच्या एका हातात कापूस होता आणि दुसऱ्या हातात टाचणी. डागावर आणि पावलावर रक्ताचे बारीक ठिपके आले होते. मी ठकूकडे बघितलं. तिने सगळं बघितलं होतं. टाचणी कुठे कुठे टोचली आणि मी डोळे मिटून कशी स्वस्थ बसले होते, ते. तिला त्या रोगाचं नाव माहीत होतं की नाही मला माहीत नाही. पण तिच्या गावच्या यात्रेत देवळाच्या पायऱ्यांवर बसणारी माणसं तिने लहानपणापासून बघितली होती.

डॉक्टर म्हणाला, "उद्या मुलाला पाठवून द्या."

"मला सांगा. पाय माझा आहे."

तेव्हा त्याने सांगितलं. महारोग. त्याने हळू आवाजात सांगितलं, पण दवाखाना लहान होता. पुढे तो बरंच बोलला. आता गोळ्या निघाल्या आहेत, तुमचा प्रकार दुसऱ्याला लागणारा नाही, वेळेवर आलात म्हणायला हरकत नाही. मला पहिला शब्द ऐकल्यावर बाकीचं नीट ऐकू आलं नाही. कोणालाच येत नसावं. म्हणून सांगते, त्या दिवशी बरोबर कोणीतरी न्या, बाकीचं ऐकायला. माझ्या बरोबर होती तिलाही ऐकू आलं नाही.

घरी येताना ठकू माझ्या पुढे चालली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मागे वळून बघितलं नाही. चाळीच्या दाराशी ती थांबली, पण तोंड फिरवलं नाही.

"पोराला तुझ्या पायावर घातलं मी," ती म्हणाली आणि आत गेली.

चाळ

दत्ताराम रात्रभर बसून राहिला. सकाळी म्हणाला, "मी लोकांना सांगतो, आई राजापूरला जातेय."

"आणि परत आले की?"

 मी परत येईन असं त्याने धरलंच नव्हतं. मला त्याचा राग आला नाही. मीसुद्धा धरलं नव्हतं.

त्याचं खोटं दुपारपर्यंत टिकलं. ठकूने लीलाला सांगितलं, कारण प्रश्न पोराचा होता. लीला अंगणात उभी राहून आईवर ओरडली, "माझ्या लेकराला हिच्या पायावर निजवलंस! देवी म्हणे!" मग ज्या ज्या बायका पाया पडल्या होत्या त्या सगळ्यांनी कपाळं धुतली. त्या नळावर साबण लावून घासताना मी वरून बघितल्या. एकीने खालून विचारलं, "तुम्हाला माहीत होतं ना हो? म्हणूनच हाकलत होता ना?"   मला ठाऊक असतं तर मी त्यांना काठीने हाकललं असतं.

लीलाने दगडूला पुष्कळ डॉक्टरांना दाखवलं. त्याच्या मानेवर घामोळं उठलं तरी ती त्याला घेऊन पळायची. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं. मुलं गमावलेल्या बाईला शहाणपण सांगू नये. पोराला काही झालं नाही. होणारही नव्हतं. पण तेव्हा ते ठकूलाही कळत नव्हतं आणि मलाही नाही. मी इस्पितळात जाईपर्यंत रोज सकाळी खालून त्याचा आवाज येतो का ते ऐकायची.

चैत्र आला. ठकू गेली नाही. मीही नाही. आमचं सातूचं पीठ शालिनीने डब्यासकट टाकून दिलं.

इस्पितळ

महारोग्यांचं इस्पितळ शहरात दूर होतं. नाव सांगत नाही. जखमेसाठी मला तिथे ठेवलं आणि पायाला गुडघ्यापर्यंत प्लास्टर घातलं. न दुखणाऱ्या पायाचं एकच औषध, त्यावर उभं राहायचं नाही. ज्या बाईची चालायची तयारी झाली होती तिला खाटेवर बांधून ठेवलं.

तिथली पहिली रात्र मी तोंडावर पदर घेऊन काढली. कोणाकडे बघायचं नव्हतं. सकाळी शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "बघून घे एकदा सगळ्यांकडे नीट. मग सवय होते. मलाही बघ." तिचं नाव यशोदा. बोटं झडलेली, नाक बसलेलं. चहाचा जर्मनचा मग ती दोन तळव्यांत धरायची आणि फुंकर घालायची, कारण गरम किती ते हाताला कळत नव्हतं. मी बघितलं. खरोखरच दोन-चार दिवसांत सवय झाली. मग मला ती फक्त घोरणारी बाई वाटू लागली.

दिवस असा जायचा. सकाळी चहा, मग गोळी, मग पट्ट्या. पट्ट्यांच्या वेळी वास यायचा तेव्हा सगळ्या जणी मोठ्याने बोलायच्या. जेवणात डाळ पातळ. दुपारी झोप किंवा भांडणं. भांडणं पुष्कळ व्हायची, खिडकीवरून, बादलीवरून. आजारी माणसं साधू होतात असं कोणी समजू नये. आणि संध्याकाळी पाय बघणं.

ते आम्हाला डॉक्टरीण बाईंनी लावलं होतं. ज्या पायाला काटा कळत नाही त्याचा काटा डोळ्यांनी शोधायचा. दिवे लागायच्या आधी, उजेड असताना. पण आमच्यात कोणाचे डोळे गेलेले, कोणाचे गुडघे वाकत नव्हते, मला माझा तळवा दिसतच नव्हता. म्हणून दोघी दोघींच्या जोड्या केल्या होत्या. समोरासमोर बसायचं आणि एकमेकींचे पाय मांडीवर घेऊन बघायचे. यशोदा माझा उजवा पाय बघायची. प्लास्टर निघाल्यावर डावाही. "काही नाही," ती म्हणायची. मी तिचे बघायची. "काही नाही." किंवा, "इथे लाल झालंय." दिवसभर भांडलेल्या बायकासुद्धा त्या वेळी न बोलता बसायच्या आणि पाय बघायच्या. मी डॉक्टरीण बाईंना विचारलं, "हे किती दिवस करायचं?"

"कायम."

"आणि चालणं?"

"घरातल्या घरात. बाजारापर्यंत. आत रबर असलेली चप्पल घालून."

"वणीपर्यंत?"

त्या हसल्या. मी चेष्टा करत नव्हते हे कळल्यावर हसायचं थांबल्या. "बाई, अनवाणी दोन दिवस चाललात तर तिसऱ्या दिवशी पाय कापावा लागेल. हा पाय परत जागा होणार नाही. रोग बरा होईल, पाय जागा होणार नाही."

त्या दिवशी मी जेवले नाही. नवस ठकूचा होता. चालायचं मला होतं.

दत्ताराम रविवारी यायचा. व्हरांड्यात उभा राहायचा, संत्री कठड्यावर ठेवायचा. मी त्याला आत बोलवायची नाही. शालिनी एकदाच आली. तिने पदर नाकाला लावला नव्हता, एवढं मला दिसलं. म्हणाली, "आई, डॉक्टर सांगतात ते मला कळतं. पण मला भीती वाटते. मी खोटं बोलत नाही."

मी म्हटलं, "बरं केलंस सांगितलंस. गोड बोलली असतीस तर मला जास्त वाईट वाटलं असतं."

ठकू आली नाही.

घरी

जखम भरली आणि मला घरी पाठवलं. गोळ्या चालू होत्या. रोग लागणारा नाही असं डॉक्टरांनी दत्तारामला पुन्हा सांगितलं, आणि त्याने मला घरी आणलं. चाळीतल्या काहींना ते आवडलं नाही. कोणी तोंडावर बोललं नाही. जिन्यात मी दिसले की वर येणारी माणसं खालीच थांबायची. हे अजून आहे. कमी झालंय, पण आहे. बरं झाल्यावर सगळं पूर्वीसारखं होतं असं मी कोणाला सांगणार नाही.

माझी ताटवाटी वेगळी. अंथरूण गॅलरीत. पहिल्या संध्याकाळी मी गॅलरीत बसले, पाय पुढे घेतला आणि मला तळवा दिसेना. शालिनी आतून बघत होती.  मांडीवर पाय घे असं सुनेला कसं म्हणायचं? ती आत गेली, आणि भिंतीवरचा आरसा काढून आणून माझ्यासमोर जमिनीवर ठेवला. भिंतीला टेकवून, जरा तिरका. "यात दिसेल," म्हणाली आणि गेली. तिचा वेणीफणी करायचा तोच एक आरसा होता. तेव्हापासून तो माझ्या पायांचा झाला. मला तिचा आरसा मिळाला. तिचे डोळे मिळाले नाहीत. दोन्ही गोष्टी मी लक्षात ठेवल्या आहेत.

पण माझी नजर अधू होत चालली आहे. आरशात एक पांढुरकं काहीतरी दिसतं. त्यात जखम आहे की सुरकुती, सांगता येत नाही. बोटाने चाचपून बघते. इस्पितळात यशोदा "काही नाही" म्हणायची तेव्हा झोप लागायची. घरी तसं म्हणणारं कोणी नव्हतं.

खाली ठकूने पुन्हा तयारी सुरू केली होती. यंदा नवस फेडायचाच. ती दुपारी एकटी बाहेर पडायची आणि लंगडत परत यायची. मला गॅलरीतून दिसायचं. पहिल्याच दिवसापासून फार लांब जात होती. एकदा माझ्याच्याने राहवलं नाही. मी वरून ओरडले, "ठके, गो, इतकी धावू नको! पाय उलून निघतील! बाभळीचं पाणी कर आधी!"

ती थांबली. वर बघितलं नाही. आत गेली. पण दुसऱ्या दिवशी खालून बाभळीच्या सालीचा वास आला.

शीव

ती निघायची त्या दिवशी पहाटे चाळीतल्या बायकांनी तिला ओवाळलं. लीला आणि जावई आधीच पोराला घेऊन नाशिकला गेले होते. जावयाची बदली झाली होती. ठकू गडावरून उतरून तिकडेच राहायला जाणार होती. खोली सोडली होती. म्हणजे परत येणार नव्हती. हे मला शालिनीने सांगितलं.

यात्रेला जाणाऱ्याला गावच्या शिवेपर्यंत पोचवायची पद्धत आहे. कोणी तिच्याबरोबर शिवेपर्यंत गेलं नाही, कोपऱ्यापर्यंत गेले आणि परतले. मी रबराची चप्पल घातली, तिला मागून पट्टा लावलेला असतो, आणि निघाले. शालिनी म्हणाली, "आई, डॉक्टरांनी..." मी म्हटलं, "ठाण्याकडच्या शिवेवरच्या वडापर्यंत. त्यापुढे नाही."

ठकू रस्त्याच्या डाव्या कडेने चालली होती, वळकटी डोक्यावर, कंदील हातात. तांब्याही तिनेच घेतला होता. मी बरंच अंतर ठेवून मागे. ट्रक जात होते. ऊन अजून चढलं नव्हतं. तिला मी मागे आहे हे ठाऊक होतं. दोनदा तिने मान अर्धी वळवली आणि परत सरळ केली.

मग ती थांबली. मीही थांबले. ती तशीच उभी. शेवटी मीच पुढे गेले, तिच्यापासून जरा दूर उभी राहिले. वर्षभराने तिचं तोंड जवळून बघितलं. वाळली होती.

"दगडू कसा आहे?" मी विचारलं.

"धावायला लागला." मग म्हणाली, "त्याला काही झालं नाही."

"मला कळलं."

"मला वाटलं होतं, होईल. रोज वाटायचं."

"मलाही."

तिने रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाली, "तू पुढं हो."

"का?"

"हो म्हटलं ना. म्हातारी झालीस तरी प्रश्न संपत नाहीत तुझे. पुढं चाल."

मी पुढे झाले. ती मागे. वडापर्यंत आम्ही तशाच गेलो, पूर्वी भांडुपला जायचो तशा.  ती मागून चालताना कण्हत होती, तळव्याला खडे टोचत होते. तिला टोचत होते ते मला ऐकू येत होतं.

वडाखाली तिने वळकटी उतरवली. "बस," म्हणाली. मी मुळावर बसले. "चपला काढ. दाखव पाय."

मी पाय पुढे केले. ती समोर उकिडवी बसली. हात लावला नाही. मान वाकडी करून आधी उजवा बघितला, मग डावा. टाच, बोटांच्या बेचक्या, जुन्या खिळ्याची खूण. बराच वेळ बघत होती. ती नीट बघणारी बाई. पहिल्यांदा रक्तही तिनेच बघितलं होतं.

"काही नाही," ती म्हणाली.

मी चपला घातल्या. पट्टा लावायला मला वेळ लागतो. ती उभी राहून वाट बघत होती.

"देवीला काय सांगशील?" मी विचारलं. "दोघी म्हणाली होतीस."

"सांगेन, दुसरी शिवेपर्यंत आली होती. पुढचं तिचं तिने समजून घ्यावं."

"आणि नाही घेतलं तर?"

"तर मला काय म्हणायचंय ते मी तिला तिथे म्हणेन." तिने वळकटी डोक्यावर चढवली. "रोज पाय बघत जा गं, भागे."

"दिसत नाहीत."

  ती निघाली. रस्ता पुढे वळतो तिथपर्यंत मला तिचं पांढरं लुगडं दिसत होतं. वळणापलीकडे काय आहे ते मला अजून माहीत नाही.

मग मी माघारी फिरले. मागे कोणी नव्हतं, म्हणून दर थोड्या वेळाने थांबून, वळून, वाकून, मीच रस्त्यावर माझी पावलं बघत घरी आले.